हाताला अर्धे बोट

दिवाळी जवळ आली, की आमच्या घरी माळा झाडण्याचा कार्यक्रम निघतो. या सदराच्या नेहमीच्या वाचकांना आमच्या घरातील कामांची वाटणी एव्हाना पाठ झाली असेल. विचार करायचा तो हिने आणि शिडीवर चढायचे ते मी. गेल्या वर्षीही तसेच झाले. मी वर धुळीत बसून एकेक वस्तू खाली देत होतो आणि ही खाली उभी राहून निकाल देत होती. 'ठेवा', 'रद्दी', 'भंगार' आणि 'हे अजून आहेच का?' असे तिचे चार ठरलेले निकाल आहेत. मोडका स्टोव्ह भंगारात गेला. माझ्या एम. ए.च्या टिपणवह्या रद्दीत गेल्या. मी ब्र काढला नाही. आणि मग अगदी कोपऱ्यातून सुतळीने बांधलेले एक लांबट खोके निघाले.

"हे काय?" हिने विचारले.

मला सुतळीची गाठ पाहूनच कळले होते, पण मी म्हणालो, "बघतो."

आत एक होडी होती. होडी म्हणजे होडीचा सांगाडा. खाली पठाण, पुढे लांब झेपावलेली नाळ, मधे आठदहा बरगड्या आणि एका अंगाला निम्म्यापर्यंत बसवलेल्या फळ्या. दुसरे अंग उघडेच. दीड फुटाहून थोडी अधिक लांबी. आणि तिच्या पोटात, वर्तमानपत्राच्या पिवळ्या कागदात गुंडाळलेली, एक पटाशी.

"ठेवा," ही म्हणाली. तिने होडी पाहिली होती. पटाशी पाहिली नव्हती. ती मी खिशात घातली होती.

आता ही पटाशी खिशात का घालावी लागली, हे सांगायचे तर मला बत्तीस वर्षे मागे जायला हवे. १९९३ साली मी दहावीत होतो. आमच्या घरापासून पाच मिनिटांच्या अंतरावर, भाट्याच्या खाडीच्या बाजूला, एक वृद्ध सुतार राहत असत. आम्ही मुले त्यांना नुसते आजोबा म्हणत असू. त्यांचे सारे आयुष्य होड्या बांधण्यात गेले होते. तरुणपणी त्यांनी फत्तेमाऱ्या बांधल्या होत्या. कोणी फत्तेमारी म्हणतो, कोणी पतेमारी. पण जुन्या रत्नागिरीकराच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. दोन डोलकाठ्या, दोन तिरकी शिडे आणि पोटात मंगळुरी कौले किंवा नारळ भरून मुंबईकडे चाललेले ते डौलदार जहाज. मालमोटारींनी त्यांचा धंदा बुडवला. मी आजोबांना पाहिले तेव्हा ते मासेमारीच्या होड्यांची डागडुजी करीत, आणि पावसाळ्यात होड्या वर ओढून झापांनी शाकारल्या, की पडवीत बसून विडी ओढीत.

अशाच एका पावसाळ्यात मी त्यांना म्हणालो, "आजोबा, मला फत्तेमारी करायची आहे."

"किती मोठी?"

मी दोन हात पसरून दाखवले. ते हसले आणि त्यांनी मला माप शिकवले. त्यांच्यापाशी नकाशा नव्हता. मोजपट्टी होती, पण ती ते क्वचितच काढीत. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, आणि एका हाताची चोवीस बोटे, हा त्यांचा हिशेब. "मोठी फत्तेमारी पन्नास हात," ते म्हणाले. "तुझी करू हाताला अर्धे बोट. म्हणजे पंचवीस बोटांची." बस्स, एवढ्यावर काम सुरू झाले. मी विचारायचा, नाळ किती. ते खऱ्या जहाजाची नाळ किती हात ते सांगायचे आणि मी अर्ध्या अर्ध्या बोटाने मोजून खूण करायचा. वाकसाने तासणे त्यांचे, पटाशीने खाच पाडणे माझे. पटाशी मुठीला रुंद आणि पात्याला अरुंद होती. मूठ त्यांच्या तळव्याने इतकी झिजली होती, की माझ्या हातात ती थोडी सैल बसे.

ऑगस्टात होड्या पाण्यात गेल्या आणि आजोबांना काम लागले. ते म्हणाले, "बोट घरी ने. पटाशीपण ने. पुरी झाली की दोन्ही घेऊन ये." मी दोन्ही नेले. त्याच महिन्यात सहामाहीचे वेळापत्रक लागले आणि वडिलांनी होडी माळ्यावर टाकली. "एस. एस. सी. होऊ दे, मग गलबतं बांध," असे ते म्हणाले, आणि त्या काळच्या वडिलांनी म्हणण्यासारखेच ते होते. त्यांच्यावर माझा राग नाही.

पुढे जे झाले ते मात्र माझे आहे. दिवाळीच्या सुमारास आजोबांनी आईजवळ निरोप दिला, "पोराला सांगा, पटाशी हवी आहे." होडी पुरी झाली नव्हती. अर्धवट होडी घेऊन त्यांच्यापुढे जायची मला लाज वाटली, आणि नुसती पटाशी घेऊन जायची त्याहून अधिक. मी आईला म्हणालो, "मागेच दिली परत." आईने तसे कळवले. आजोबांनी पुन्हा विचारले नाही. मी त्या वाटेने जायचे सोडले. शाळेला लांबच्या रस्त्याने जाऊ लागलो. १९९८ साली मी एम. ए. करायला मुंबईला गेलो. कोकण रेल्वे पुरती सुरू झाली ती त्याच वर्षी. मी मुंबईत असतानाच केव्हातरी आजोबा गेल्याचे पत्रातून कळले. मी ते पत्र घडी करून ठेवले आणि ग्रंथालयात गेलो.

तर असे ते खोके. गेल्या दिवाळीत ते खाली आले आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी होडी जेवणाच्या टेबलावर मांडली.

चाळिशी उलटलेला मनुष्य मुलांच्या उद्योगाला लागला, की घरादाराला काय वाटते, हे मी आता अनुभवाने सांगू शकतो. पहिले काही दिवस कौतुक असते. मग टेबल अडल्याची तक्रार येते. फळ्या सरसाने चिकटवल्यावर त्या दाबून धरायला चिमटे लागतात. बाजारात त्यासाठी खास चिमटे मिळतात म्हणे, पण मला दोरीवरच्या कपड्यांचे चिमटे सोयीचे वाटले. एकदा वारा सुटून हिची नवी साडी शेजाऱ्यांच्या आंब्यावर गेली, तेव्हा चिमट्यांचा शोध लागला. सागाची पातळ पट्टी गरम पाण्यात भिजवली, की वाकते. मी ती पोळ्यांच्या तव्याच्या बुडावर वाकवीत असे. तेही फार दिवस चालले नाही.

कॉलेजात बातमी पसरायला वेळ लागला नाही. आमच्या खोलीतील एक सहकारी म्हणाले, "काय सर, नाव काढायच्या वयात नाव बांधत बसलात?" कोटी बरी होती. मी हसलो. पण घरी येऊन चष्मा शोधू लागलो, तेव्हा ती कोटी मला टोचली. आपल्याकडे जवळचे दिसायला लागणाऱ्या चष्म्याला चाळिशी म्हणतात, हे नाव ठेवणाऱ्याला माझा नमस्कार. पंधराव्या वर्षी मी दोरा तोंडाने ओला करून कप्पीच्या भोकातून एका झटक्यात ओवीत असे. आता ते भोक मला दोनदोन दिसते आणि दोरा दोघांच्या मधून जातो. शेवटी आठवीतली मुलगी येते, "द्या बाबा," म्हणते आणि ओवून देते. ती जाताना तोंडावर जे हसू ठेवून जाते, ते मी पाहिले न पाहिलेसे करतो.

पण एक गोष्ट मात्र पंधराव्या वर्षी मला येत नव्हती आणि आता येते. चुकलेली फळी काढून टाकणे. तेव्हा फळी वाकडी बसली, तर मी तिच्यावर सरस थापून पुढे जाई. होडी पुरी व्हायची घाई असे. आता एक फळी मी चारदा काढली. घाई कसली? पुरी झाल्यावर मला हिला कोठे न्यायचे आहे, हा प्रश्न मी स्वतःला विचारीत नव्हतो, म्हणून घाई नव्हती, हेही खरे.

काम करता करता माणूस वाचू लागतो. निदान मास्तर तरी लागतो. मी १८८० सालचे रत्नागिरीचे गॅझेटियर काढून बसलो. आंग्र्यांच्या आरमाराची वर्णने चाळली. गुरबेला दोन किंवा तीन डोलकाठ्या असत. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे तीनशे टनांची. गलबत लहान, सत्तर टनांच्या आतबाहेर, आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांवर चालणारे. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. किल्ला दगडाचा, म्हणून तो आज आपण पाहू शकतो. जहाज लाकडाचे. ते जळते, कुजते किंवा फोडून सरपणाला जाते. आणि त्याचे माप ज्यांच्या हातात होते ते हात गेले, की कसे होते तेसुद्धा कोणाला सांगता येत नाही.

ही गोष्ट एका फ्रेंच माणसाच्या फार लवकर ध्यानात आली होती. एदमों पारी हे त्याचे नाव. तो आरमारी अधिकारी होता आणि त्याने तीन वेळा जगप्रदक्षिणा केली. जेथे जाईल तेथे बंदरावर उतरून तेथील लोकांच्या होड्या मोजायच्या आणि कागदावर उतरवायच्या, हा त्याचा छंद. तिसऱ्या सफरीत, १८३७ नंतर, एका कारखान्यातील यंत्राच्या दातेऱ्यांत सापडून त्याचा डावा हात गेला. तरी त्याने मोजणे सोडले नाही. १८४०च्या दशकात त्याचा मोठा ग्रंथ निघाला. त्यात आपली मुंबईची फत्तेमारी आहे. पुढे १८७१ पासून १८९३ साली मरेपर्यंत तो लूव्हर् राजवाड्यातील आरमारी संग्रहालयाचा प्रमुख होता, आणि तेथे त्याने या आराखड्यांवरून नौकांच्या लहान प्रतिकृती करवून घेतल्या. हे वाचल्यापासून सुईच्या भोकाबद्दल मी घरात तक्रार करीत नाही.

आणि असेच वाचताना एके रात्री मला ते माप सापडले.

प्रतिकृती करणाऱ्यांच्या जगात प्रमाण हा परवलीचा शब्द आहे. विलायतेत एअरफिक्स नावाच्या कंपनीने १९५०च्या दशकात 'गोल्डन हाइंड' जहाजाचे प्लॅस्टिकचे सुटे भाग पिशवीत घालून दोन शिलिंगांना विकायला काढले आणि घरोघरची मुले जहाजे जोडू लागली. पुढे तिच्या विमानांचे प्रमाण एकास बहात्तर असे ठरले. म्हणजे सहा फुटी माणूस एक इंचाचा. त्याहून जुने प्रमाण म्हणजे एकास अठ्ठेचाळीस, फुटाला पाव इंच. सतराव्या शतकात इंग्रजांच्या आरमार खात्यासाठी जहाजांच्या ज्या सुरेख लाकडी प्रतिकृती होत, त्यांतल्या पुष्कळशा याच प्रमाणात आहेत; ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयाच्या संग्रहात त्या आजही आहेत. मी सहज कागद घेतला. हात म्हणजे चोवीस बोटे. अर्धे बोट म्हणजे हाताचा अठ्ठेचाळिसावा भाग. एकास अठ्ठेचाळीस! पडवीत विडी ओढीत बसलेल्या त्या म्हाताऱ्याने, ग्रिनिचचे नावही न ऐकता, मला नेमके तेच प्रमाण दिले होते. हात आणि बोट आपल्या अंगावरच असल्यामुळे ते हरवण्याचीही भीती नव्हती.

मी हिला उठवून हे सांगितले. ही म्हणाली, "छान आहे. दिवा घालवा."

मराठी शिकवणाऱ्याला 'प्रमाण' हा शब्द रोज भेटतो. प्रमाणभाषा, प्रमाणलेखन. प्रमाण म्हणजे मोजमाप आणि प्रमाण म्हणजे पुरावाही. दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतात, तेव्हा महाराजांची मूर्ती महादरवाजाहून उंच असते आणि तोफेशेजारचा मावळा तोफेएवढा. त्याला कोणी चूक म्हणत नाही. मुलांच्या मनात जे मोठे ते किल्ल्यावर मोठे. माझ्या बाबतीत मात्र उलटे झाले होते. खिशात मावेल अशी एक वस्तू मी बत्तीस वर्षे लहान समजून माळ्यावर ठेवली होती. होडीवर फळ्या चढत गेल्या, फळ्यांवर उंडीचे तेल चढले, तख्त बसले, डोलकाठ्या उभ्या राहिल्या. जुन्या धोतराचे शीड कापून ठेवले. आता पुरी व्हायला दोन दिवसांचे काम उरले, आणि माझे मन लागेना. आजोबांनी सांगितले होते, "पुरी झाली की दोन्ही घेऊन ये."

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी मी होडी टॉवेलात गुंडाळली, पटाशी पिशवीत घातली आणि त्या वाटेने निघालो. घर तेच होते. पडवीवर पत्रे आले होते. अंगणात एक फायबरची होडी पालथी घातलेली होती आणि साठी ओलांडलेला एक गृहस्थ तिच्या बुडाला ठिगळ लावीत होता. आजोबांचा मुलगा. आम्ही मुले त्याला तेव्हा दादा म्हणत असू.

"या मास्तर," तो म्हणाला. रत्नागिरीत प्राध्यापकाला मास्तरच म्हणतात, आणि तेच बरे वाटते.

मी वाटेत दोनचार वाक्ये जुळवली होती. वर्गात शिरताना जुळवतो तशी. त्यांतले एकही आठवले नाही. मी पटाशी काढून पुढे धरली. "दादा, ही आजोबांची. मी दहावीत असताना नेली होती. परत केली नाही. परत केली म्हणून आईला खोटं सांगितलं."

त्याने ती हातात घेतली. तेवढ्यात वहिनी दारात आल्या. "अहो, हीच की ती!" त्या म्हणाल्या आणि एकदम गप्प झाल्या.

दादाने पात्यावरून अंगठा फिरवला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग खाली बघतच म्हणाला, "हिच्यापायी बाबा माझ्याशी दीड महिना बोलले नव्हते."

मला अर्थ लागेना.

"तुमच्या आईनं कळवलं, पोरानं परत दिली म्हणून. मग गेली कुठं? घरात मी. तेव्हा मी घेत असे, मास्तर. त्यांना वाटलं, मी विकली. आणि मागं एकदोन वस्तू विकल्या होत्याच, त्यामुळं नाही म्हणायला मला तोंड नव्हतं."

"त्यांना पुढं कधी...?"

"नाही," तो म्हणाला.

मी तेथे किती वेळ उभा होतो कोण जाणे. माझ्या घरी माळ्यावर मावणारी, माझ्या हिशेबी हाताला अर्धे बोट असलेली गोष्ट, या घरात बत्तीस वर्षे पुऱ्या मापाची उभी होती. आणि ती एका भल्या माणसाच्या अंगावर. मी क्षमा मागितली. शब्द फार नव्हते. मराठीचा मास्तर असून नव्हते. तो 'असू द्या' म्हणाला नाही. आणि त्याने तसे म्हटले नाही, हे मला योग्यच वाटले.

वहिनींनी चहा आणला. चहा पिताना त्याची नजर टॉवेलाकडे गेली. "आणि ती बोट?"

मी ती उघडून पायरीवर ठेवली. त्याने तिला सगळीकडून पाहिले, उचलून पठाणावरून डोळा लावला, नाळेवरून बोट फिरवले. "नाळ बाबांनी तासलेली," तो म्हणाला. मी मान हलवली. मग त्याच्या कपाळाला आठी पडली.

"काठी कोणी बसवली?"

"मी."

"सरळ का बसवलीत? फत्तेमारीची काठी पुढं कलते." त्याने हात तिरका करून दाखवले. परबाण जड असते. काठी पुढे झुकलेली असली, की ते तिच्यापासून मोकळे लोंबते आणि वारा बदलला म्हणजे शीड या अंगाचे त्या अंगाला फिरवता येते. काठी सरळ असेल, तर सारे तिच्यावरच घासत राहील. "अशी बोट दिसायला चालेल, वाऱ्याला नाही चालायची."

इतके ग्रंथ चाळून मला ते दिसले नव्हते. चित्रे मी पाहिली होती. पण समुद्रात हेलकावे खाताना जहाज कललेले दाखवले असेल, अशी मी आपली समजूत करून घेतली होती.

दादा उठला. कोनाड्यातून निसणा काढला, त्यावर पाणी शिंपडले आणि पटाशीला धार लावू लागला. गंज निघून पाते हळूहळू उजळले. मग त्याने होडी मांडीवर घेतली, आणि त्याच पटाशीने माझ्या दोन्ही काठ्या खाचेतून अलगद मोकळ्या केल्या. माझ्या चार महिन्यांच्या कामाची ती दोन लाकडे त्याने माझ्या हातात ठेवली.

"खाच तिरकी पाडायला पाहिजे. आता रविवारी या," तो म्हणाला आणि पटाशी वळचणीला खोचून ठेवली.

यंदा आमच्या अंगणात मुलीने जलदुर्ग केला आहे. माती, पोती आणि विटांचे तुकडे यांचा तट, निळ्या रांगोळीचा समुद्र, उतारावर अळिवाचे गवत. नेहमीप्रमाणे महाराज महादरवाजाहून उंच आहेत. तिने होडी मागितली, मी दिली. किल्ल्याच्या मानाने होडी एवढी प्रचंड दिसते, की तिच्यातून आख्खा तट मुंबईला नेता यावा. पाहायला येणारे विचारतात, "हिच्या डोलकाठ्या कुठं आहेत?" मुलगी गंभीरपणे सांगते, "दुरुस्तीला काढल्यात."

मी तीन रविवार जाऊन आलो. एक काठी बसली होती, ती किल्ल्यावर मिरवायला म्हणून काढून आणली, त्याबद्दल मला बोलणी बसली. भाऊबीज झाली, की होडी घेऊन पुन्हा जायचे आहे. पटाशी तिच्या घरी आहे. खाच पाडायची, तर मलाच तेथे जावे लागते.